क्रूझवरून उतरल्या उतरल्या डिस्ने वर्ल्ड: जमेल का? (सोबत साबा-साबू, म्हणजे सासूबाई-सासरेबुवा, आणि दोन पोरं)

रानजाई
नमस्कार मंडळी. जुलैत साबा-साबू भारतातून येतायत. मुलांच्या शाळेला सुट्टीच आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून फ्लोरिडा ठरवलं. पोर्ट कॅनाव्हरलहून ७ रात्रींची क्रूझ आहे, शनिवारी चढायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी उतरायचं. तिथून थेट ऑर्लँडो, मग बुधवारी संध्याकाळच्या विमानाने नेवार्क, म्हणजे न्यू जर्सीला घरी. विमानाची आणि क्रूझची तिकिटं काढून झालीत, पुढचं सगळं अधांतरी आहे.
आम्ही दोघं, मुलगा ९, मुलगी ४ आणि साबा-साबू. साबूंचा एक गुडघा कुरकुरतो. "मी एका जागी बसून राहीन, तुम्ही फिरा" असं ते आत्तापासून म्हणतायत. म्हणजे बसणार नाहीत. साबा शाकाहारी, अंडंही चालत नाही.
नवऱ्याचं म्हणणं, शनिवारी सकाळी उतरलो की दुपारच्या आत डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम पार्क गाठायचं, दिवस कशाला घालवायचा. मला ते झेपेल असं वाटत नाही. कोणी असं केलंय का? हॉटेल डिस्नेचं घ्यावं की बाहेर व्हिला? गाडी बंदरावरच भाड्याने मिळते का?

मिनीची_आई
आधी पार्क आणि मग क्रूझ असं उलटं केलं असतं तर बरं झालं असतं गं. पार्कमध्ये पाय मोडेस्तोवर चालायचं आणि मग जहाजावर आठवडाभर लोळायचं.

रानजाई
@मिनीची_आई, हे मला आतापर्यंत तीन मैत्रिणी, एक नणंद आणि शेजारची ब्राझिलियन बाई यांनी सांगून झालंय. क्रूझच्या तारखा स्वस्त मिळाल्या त्या अशाच होत्या.

टाम्पाचे_तात्या
फ्लोरिडात बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे चार गोष्टी सांगतो.
पोर्ट कॅनाव्हरल ते डिस्ने वर्ल्ड साधारण ७० मैल. रस्ता सरळ आहे. ५२८ म्हणजे बीचलाइन पश्चिमेला धरायचा, विमानतळाच्या अलीकडे ४१७ दक्षिणेला, आणि पुढे ऑसिओला पार्कवेने आत. तास-सव्वा तास. अंतर हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो उतरायच्या सकाळचा.
जहाज पहाटेच बंदराला लागतं. आपल्या बॅगा आपणच ओढत उतरणार असाल तर साधारण सातच्या सुमारास सोडायला सुरुवात होते. नाहीतर आदल्या रात्री बॅगांना टॅग लावून खोलीबाहेर ठेवायच्या, मग सकाळी आपला नंबर किंवा रंग पुकारला की उतरायचं आणि खाली शेडमध्ये ढिगातून आपल्या बॅगा शोधायच्या. सहा माणसं, त्यात गुडघा आणि चार वर्षांची मुलगी, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात. नऊ-साडेनऊच्या आत बंदराबाहेर पडाल असं धरू नका. त्यानंतर भाड्याच्या गाडीच्या ऑफिसला नेणाऱ्या शटल बसची रांग.
हो, आदल्या रात्री बाहेर ठेवायच्या बॅगेत पासपोर्ट, गुडघ्याच्या गोळ्या आणि सकाळचे कपडे जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. अमेरिकन लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहतात आणि चालू पडतात, पण आपल्या ज्येष्ठांचा पासपोर्ट-व्हिसा हातातच हवा. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे हेही आत्ताच बघून घ्या. जहाज बहामाला जाऊन आलं तरी ती अमेरिकेत पुन्हा केलेली एन्ट्रीच.

दगडू_परदेशी
मी विरुद्ध पक्षात. आम्ही उतरल्या दिवशीच मॅजिक किंगडम केलं होतं, आणि झकास झालं. बॅगा हॉटेलच्या बेल डेस्कवर टाकल्या (खोली तीनला मिळते, पण बॅगा सकाळीही घेतात), कपडे बदलले आणि पार्कमध्ये. उन्हाळ्यात पार्क रात्री उशिरापर्यंत चालू असतं. दुपारी थोडं दमलो, संध्याकाळी आतिषबाजी बघितली. अमेरिकेत सुट्ट्या मोजून मिळतात राव, अर्धा दिवस हॉटेलच्या पूलमध्ये काढायचा?

शब्दमुकी
@दगडू_परदेशी, तुमच्याबरोबर सासू-सासरे होते का?

दगडू_परदेशी
नव्हते. मुलंही नव्हती. मान्य. 😀

आडवाटेची_एसटी
दगडूंच्या हिशोबात एक गोष्ट राहतेय. मॅजिक किंगडमच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की दारात पोचलात असं होत नाही. गाडी लावायची तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरला, तिथे सिक्युरिटी, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोटीने तळं ओलांडायचं. गर्दीच्या दिवशी यातच पाऊण तास जातो. डिस्नेच्या बाकीच्या तीन पार्कांना (एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अॅनिमल किंगडम) असं नाही, तिथे गाडीतून उतरून चालत जाता येतं. (डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र मॅजिक किंगडमच्या दाराजवळ सोडते.)
शिवाय तिकीट दिवसाप्रमाणे असतं. दुपारी एकला आत गेलात तरी दिवस पूर्ण मोजला जातो. जुलैत दुपारी दोन-तीनला ढग येतात आणि वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद. म्हणजे पूर्ण दिवसाचे पैसे भरून हातात येणार संध्याकाळ.

रानजाई
बापरे. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला आहे. तो "दगडू बरोबर बोलतोय" एवढंच म्हणाला.

सुगरण_नव्हे
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. शनिवारी काय करायचं यापेक्षा तुम्ही जहाजावर असतानाच्या आठवड्यात काय होतं ते बघा.
डिस्नेत रांग टाळायची तर लाइटनिंग लेन घ्यावी लागते. जुलै २०२४ पासून तिची पद्धत बदलली आहे, आता आगाऊ बुकिंग होतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या ७ दिवस आधी, सकाळी ७ वाजता, पूर्ण मुक्कामातल्या सगळ्या दिवसांचं बुकिंग एकदम करता येतं. बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक पार्कच्या दिवसाच्या ३ दिवस आधी, तेही सकाळी ७ लाच.
आता तुमच्या तारखा लावून बघा. डिस्नेचं हॉटेल घेतलंत आणि चेक-इन शनिवारी, तर ७ दिवस आधी म्हणजे क्रूझवर चढायचा शनिवार. सकाळी सातला तुम्ही अजून जमिनीवर आहात, हॉटेलच्या खोलीत, चांगल्या इंटरनेटवर. पंधरा मिनिटांत रविवार, सोमवार, मंगळवार तिन्ही दिवस उरकतील आणि आठवडाभर फोन बघायला नको.
बाहेर व्हिला घेतलात तर रविवारच्या पार्कचं बुकिंग गुरुवारी सकाळी समुद्रात, सोमवारचं शुक्रवारी समुद्रात. आणि मंगळवारचं? शनिवारी सकाळी सात. म्हणजे बॅगा ओढत जहाजाच्या जिन्यापाशी उभं असताना. नवऱ्याच्या हातात फोन, तुमच्या हातात पोरगी.

टाम्पाचे_तात्या
वा! हा हिशोब मी कधी असा मांडला नव्हता. एक पुरवणी: सात म्हणजे फ्लोरिडाचे सात. मेक्सिकोत कोझुमेलला जाणार असाल तर उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास मागे असतं, आणि फोन किनाऱ्याजवळ गेला की आपोआप तिथली वेळ पकडतो. जहाजाची वेळ तिसरीच असू शकते. गजर लावायचा तर हे लक्षात ठेवून.

मिनीची_आई
जहाजावर इंटरनेट चालतं का पण नीट?

सुगरण_नव्हे
आता बऱ्याच जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रहावरून येणारं इंटरनेट आहे, पूर्वीसारखं रडत नाही. पैसे वेगळे पडतात एवढंच. पण शेकडो कुटुंबांना त्याच मिनिटाला तेच करायचं असतं, त्यामुळे मी तरी जमिनीवरूनच करीन.
जेवणाच्या आरक्षणाचंही असंच, फक्त ते ६० दिवस आधी उघडतं. ते घरी बसून होईल.

निवांत_पुणेकर
हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की अमेरिकेत मजा करायला सकाळी सातला उठावं लागतं. आमचं शनिवारवाड्यापुढचं कारंजं बरं, कधीही जा, बंदच असतं. (हलके घ्या.)

शब्दमुकी
@निवांत_पुणेकर 😂
अवांतर: आमच्या ओळखीत एकांनी सिंगापूरला हेच केलं, क्रूझनंतर युनिव्हर्सल स्टुडिओज. तिथे बरंच सोपं पडतं कारण सेंटोसा बेट शहरातच आहे. हार्बरफ्रंटच्या टर्मिनलला उतरलात तर शेजारच्या व्हिवोसिटी मॉलमधूनच सेंटोसा एक्सप्रेस सुटते. मरीना बेच्या टर्मिनलहून टॅक्सी. फक्त मलेशिया-थायलंड करून परत येता ती सिंगापूरची दुसरी एन्ट्री असते, त्यामुळे व्हिसा मल्टिपल हवा आणि अरायव्हल कार्ड पुन्हा भरायचं. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

आडवाटेची_एसटी
मूळ प्रश्नाकडे. शनिवारसाठी माझं मत: पार्क नको आणि पूलही नको, नासाच्या केनेडी स्पेस सेंटरला जा. बंदरापासून अर्ध्या तासावर आहे. उतरल्यावर ऑर्लँडोला जाऊन परत इकडे यायचं म्हटलं तर कोणी येत नाही, म्हणून याच दिवशी.
अटलांटिस यान तिथे खरंखुरं ठेवलंय, पोटाकडची झिजलेली टाइल्स दिसतील इतक्या जवळून. २०११ साली स्पेस शटलचं शेवटचं उड्डाण याच यानाने केलं होतं. त्याच इमारतीत खाली चॅलेंजर आणि कोलंबिया या यानांच्या अपघातांत गेलेल्या चौदा अंतराळवीरांचं स्मारक आहे. कल्पना चावलाचं नाव तिथे वाचताना माझ्या बाबांचे डोळे भरून आले होते. शिवाय बसने अपोलो सेंटरला नेतात, तिथे चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न ५ रॉकेट आडवं टांगलेलं आहे, त्याच्या खालून चालत जायचं. चार वर्षांच्या मुलीलासुद्धा "एवढं मोठं?" कळतं.
साबूंसाठी: बरंचसं आत, एसीत आहे, बसायला जागा आहे आणि व्हीलचेअर मिळते. शुभांशु शुक्ला २०२५च्या जूनमध्ये जिथून उडाला ते ३९ए लाँच पॅडही इथलंच. एवढं सांगितलंत की ते स्वतःच पुढे चालायला लागतील.
अट एकच. सुटकेस आत नेता येत नाहीत, त्यामुळे स्वतःची भाड्याची गाडी हवी. टॅक्सीने जाल तर सामानाचं काय करणार?

रानजाई
@आडवाटेची_एसटी, हे ऐकूनच साबू खूश! निवृत्त फिजिक्स शिक्षक आहेत. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, डिस्ने राहू दे, तिथेच चार दिवस राहू.

दगडू_परदेशी
झालं. नवरोबा हरले.

टाम्पाचे_तात्या
गाडीबद्दल. बंदराच्या आसपास, केप कॅनाव्हरल आणि कोको बीचला, भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं आहेत आणि टर्मिनलहून त्यांची शटल येते. पण शनिवार-रविवारी तीन-चार जहाजं एकदम रिकामी होतात, मोठ्या गाड्या संपतात. सहा माणसं आणि क्रूझच्या बॅगा म्हणजे मिनीव्हॅन, ती आत्ताच बुक करा. घ्यायची बंदरावर आणि सोडायची ऑर्लँडो विमानतळावर. मुलीसाठी कारसीट किंवा बूस्टर लागेल, फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो कायद्याने सक्तीचा आहे. विमानात तुमचाच घेऊन या.

कोथिंबीरवडी
मी बाहेरच्या व्हिलाच्या बाजूने बोलणार. किसिमी-डेव्हनपोर्ट भागात चार खोल्यांचं घर, स्वतःचा पूल आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर मिळतं. आठवडाभर जहाजावर बुफे खाल्ल्यावर माणसाला गरम वरणभात-तूप-लिंबू हवं असतं, आणि ते खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये होत नाही. ऑर्लँडोत भारतीय किराणा मिळतो. सकाळी पोळी-भाजीचे रोल करून न्यायचे. डिस्नेच्या पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत आणि गरम करायला लागेल असं काही नको. ऑर्लँडोतलंच युनिव्हर्सल पार्क त्या बाबतीत कडक आहे.

सुगरण_नव्हे
वरणभाताला विरोध नाही, माझ्या नावावर जाऊ नका. पण व्हिला म्हणजे रोज गाडी, रोज पार्किंग आणि वर तो तीन दिवस आधीचा गजर. शिवाय सुट्टीत पोळ्या कोण लाटणार? साबा की रानजाई? नवरे लाटणार असतील तर माझा पूर्ण पाठिंबा.

कोथिंबीरवडी
आमच्याकडे नवराच लाटतो. 😌

मिनीची_आई
सहा जणांना डिस्नेत एका खोलीत राहायचं तर आर्ट ऑफ अॅनिमेशनचे फॅमिली सुइट्स बघ. दोन बाथरूम, छोटंसं किचन (शेगडी नाही, मायक्रोवेव्ह-फ्रीज आहे), आणि स्कायलायनर म्हणजे रोपवे दारातून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला. साबूंना बसच्या पायऱ्या नकोत, पाळणा हळू करून बसवतात. ऑल-स्टार म्युझिकमध्येही सहा जणांचे सुइट्स आहेत, ते बहुधा थोडे स्वस्त पडतात, पण तिथे फक्त बस.
डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना सगळ्या पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात, जुलैच्या उन्हात तो अर्धा तास सोन्याचा.
साबांच्या जेवणासाठी एकदा अॅनिमल किंगडम लॉजच्या 'सना'मध्ये जाच. नान आणि चटण्या-रायत्यांचा मोठा थाळा येतो आणि खिडकीबाहेर जिराफ फिरत असतात. त्या हॉटेलात राहत नसलात तरी जेवायला जाता येतं. अंड्याचं आधी वेटरला सांगायचं, नानमध्ये काय आहे ते विचारून सांगतात.

रानजाई
शेगडी नाही हे साबांना कसं सांगू हा वेगळा धागा होईल. पण सात दिवस आधीचा मुद्दा पटला, हॉटेल डिस्नेचंच घेतेय. आता पार्क कोणते? रविवार, सोमवार, मंगळवार हातात आहेत. मुलाला युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क हवंय, शाळेत सगळे त्याबद्दलच बोलतात म्हणे.

दगडू_परदेशी
एपिक मे २०२५ मध्ये उघडलंय, मारिओची दुनिया जबरदस्त आहे. पण चार वर्षांची मुलगी आणि साबा-साबू यांना घेऊन पूर्ण दिवस नको. मंगळवारी नवरा आणि मुलगा दोघंच जाऊ देत. तुम्ही चौघं एपकॉट.

आडवाटेची_एसटी
हे उत्तम. रविवारी अॅनिमल किंगडम. सफारी सकाळी लवकर करा, उन्हं चढली की सिंह झोपतात. पहिला दिवस म्हणून हे पार्क बरं, इतर पार्कांच्या मानाने राइड्स कमी आणि सावली जास्त. आशिया विभागात महाराजा जंगल ट्रेक आहे, वाघ आहेत, पडक्या कमानी आहेत, रंग उडालेल्या भिंती आहेत. आमच्या आईने विचारलं होतं, हे बघायला एवढ्या लांब आलो?
सोमवारी मॅजिक किंगडम, सकाळी दार उघडताना आत. दोन वाजता पाऊस आला की हॉटेलवर झोप, संध्याकाळी परत आतिषबाजीला. रविवारपेक्षा सोमवारी पाय स्थिर असतील. काही लोकांना जहाजावरून उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, त्यात फिरत्या कपबशीत कशाला बसा.

सुगरण_नव्हे
मुलीची उंची घरी मोजून ठेव, बूट घालून. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉगला ३८ इंच, म्हणजे ९७ सेंमी लागतात. स्पेस माउंटनला ४४ इंच, ट्रॉनला ४८. मुलाला चालेल आणि मुलीला नाही अशा राइडवर 'रायडर स्विच' मागा: एक मोठा माणूस लहान मुलाबरोबर बाहेर थांबतो आणि नंतर पुन्हा रांग न लावता आत जातो. विचारलं तरच मिळतं.
साबूंसाठी दारातच व्हीलचेअर भाड्याने घ्या. मी बसणार नाही म्हणतील. घ्या तरी, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या ठेवायला म्हणून. दुपारपर्यंत स्वतःच बसतील.

कोथिंबीरवडी
+१००. आमच्याकडे हीच युक्ती चालली.
आणि शेवटच्या सकाळी जहाजाच्या बुफेवरून केळी-सफरचंदं पिशवीत घालू नका. फळं बंदरावर उतरवता येत नाहीत, कुत्रा वास घेत येतो आणि साबांची त्रेधा उडते. पाकीटबंद बिस्किटं चालतात.

टाम्पाचे_तात्या
जुलै म्हणजे वादळांचा मोसम (१ जून ते ३० नोव्हेंबर). जहाज सहसा वादळ टाळून मार्ग बदलतं, पण बंदर बंद झालं तर एखादा दिवस उशिरा लागू शकतं. म्हणून शनिवारी आगाऊ पैसे भरलेलं, तारीख बदलता न येणारं काही ठेवू नका. स्पेस सेंटर त्या दृष्टीनेही बरं, राहिलं तर राहिलं. आणि त्या आठवड्यात रॉकेट उडणार आहे का ते बघा. असेल तर मजाही आहे आणि त्या रस्त्यांवर गर्दीही.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार! ठरलं ते असं: शुक्रवारी रात्री बंदराजवळच्या हॉटेलात मुक्काम, शनिवारी सकाळी ७ ला दोन फोन घेऊन बुकिंग, मग जहाज. उतरल्यावर मिनीव्हॅन आणि स्पेस सेंटर, संध्याकाळी आर्ट ऑफ अॅनिमेशन. पुढे एसटी म्हणाली तसंच. नवऱ्याला मंगळवारी एपिक मिळाल्यामुळे तो आता दगडूंना विसरलाय.
शेवटचा प्रश्न, ५२८ आणि ४१७ दोन्ही टोल आहेत ना? आमच्याकडे न्यू जर्सीचा ई-झेडपास (टोल आपोआप कापणारी डबी) आहे.

टाम्पाचे_तात्या
चालतो, दोन्ही रस्त्यांवर. घरून डबी घेऊन या आणि भाड्याच्या गाडीचा नंबर ई-झेडपासच्या खात्यात टाका, परत करताना काढून टाका. गाडीच्या काचेवर त्यांची स्वतःची टोलची डबी असेल तर ती बंद आहे ना ते काउंटरवरच विचारा. नाहीतर दोन्हीकडून पैसे कापले जातात आणि वर रोजचं शुल्क लावतात ते वेगळंच.